सरकारी इमारतीच्या काचा पुसायचा दर कसा काढायचा

“दादा, त्याने सव्वादोन रुपये फूट भरलाय. त्याला परवडतं, मग आपलंच कुठे चुकतं?”

माझ्याकडे चार वर्षं दोरीवर काम करून आता स्वतःची फर्म काढलेल्या एका मुलाचा हा फोन. पहिलीच सरकारी निविदा. पुण्यातली तळमजला अधिक सहा मजल्यांची इमारत, बाहेरच्या काचा वर्षातून चार वेळा पुसायच्या. याने चौरस फुटाला सव्वाचारच्या आसपास दर भरला होता. काम सव्वादोन भरणाऱ्या दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलं. त्या दिवशी फोनवर तासभर हिशेब मांडला. तोच इथे सविस्तर लिहितोय, कारण या धंद्यात नव्याने उतरणारी बरीच मुलं दर ‘काढत’ नाहीत, शेजाऱ्याचा ऐकून त्यातून चार आणे कमी करतात. आणि तो चार आण्यांचा फरक शेवटी कुठून निघतो हे मी गच्चीवर उभं राहून पाहिलेलं आहे.

आधी गिऱ्हाईक समजून घेऊ. खासगी कंपनीच्या ॲडमिनवाल्याला तुमचं काम आवडलं तर तो थोडे जास्त पैसे देऊन तुम्हालाच पुन्हा बोलावतो. सरकारी अधिकाऱ्याला मनात असूनही ते जमत नाही. उद्या ऑडिटमध्ये आक्षेप आला की कमी दराचा ठेकेदार सोडून याला काम का दिलं, तर त्याचं उत्तर फाइलवर लागतं. म्हणून दोन लिफाफ्यांची पद्धत असते. पहिल्या, तांत्रिक लिफाफ्यात तुमची नोंदणी, अनुभवाचे दाखले, पीएफ आणि ईएसआयचे (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कोड, उलाढाल. त्यात जे पास होतील त्यांचाच दुसरा, आर्थिक लिफाफा उघडतात आणि सर्वांत कमी दराचा, म्हणजे एल-वन, त्याला काम. एल-वन सोडून दुसऱ्या कुणाशी दराची घासाघीस करता येत नाही. तुम्ही दुसरे आलात तर तुमच्या कामाची कितीही ख्याती असो, घरी जायचं.

राज्य सरकारची खाती, महापालिका, जिल्हा परिषदा बहुतेक महाटेंडर्सच्या पोर्टलवर निविदा काढतात. केंद्राची कार्यालयं २०१६ साली सुरू झालेल्या ‘जेम’ पोर्टलवर असतात आणि आता राज्यातलीही बरीच तिथे आली आहेत. पोर्टल कुठलंही असो, एक गोष्ट पहिल्यांदा पाहायची: ते माणसं मागतायत की काम मागतायत. ‘सहा कामगार, महिना २६ दिवस’ असं लिहिलं असेल तर मजुरी सरकारने बांधूनच दिलेली असते, तुम्ही फक्त वरचं सेवा शुल्क भरता. ‘१,८०० चौरस मीटर काच, वर्षातून चार वेळा’ असं लिहिलं असेल तर किती माणसं, किती दिवस, किती दोर, सगळा अंदाज तुमचा आणि चुकला तर नुकसानही तुमचंच. काचांची कामं बहुधा दुसऱ्या प्रकारची असतात. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

काच एक, बाजू दोन

माझ्या सुरुवातीच्या एका सरकारी कामात निविदेत ‘खिडक्यांच्या काचा साफ करणे, १,२०० चौ.मी.’ एवढंच होतं. मी १,२०० चौरस मीटरचा दर काढला. कार्यादेश आला, पहिली फेरी बाहेरून केली, देयक लावलं, तर ते परत. अटींच्या मागच्या कुठल्याशा पानावर ‘आतून व बाहेरून’ हे तीन शब्द होते. मोजमाप एका बाजूचं, काम दोन्ही बाजूंचं. वर्षभर निम्म्या दरात काम केलं, कारण सोडलं असतं तर सुरक्षा अनामत (कामाची हमी म्हणून ठेवलेली रक्कम) जप्त आणि काळ्या यादीची भीती. चूक वाचण्यातली होती आणि ती माझी होती. तेव्हापासून मी परिमाणाच्या तक्त्यासमोर पेन्सिलने ‘कुठली बाजू?’ असं लिहिल्याशिवाय पुढे जात नाही.

दुसरा सापळा एककाचा. आपण बोलतो फुटात, सरकार लिहितं मीटरमध्ये. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. फुटाचा दर मीटरच्या रकान्यात भरून दहापट तोट्यात काम घेतलेला माणूस मला माहीत आहे.

जागा पाहिल्याशिवाय दर भरू नका. ‘जागा पाहिली आहे’ असं प्रतिज्ञापत्र बहुतेक निविदांत द्यावंच लागतं, लोक न जाताच सही करतात. जाऊन काय पाहायचं? गच्चीवर दोर बांधायला भक्कम आधार आहे का. पाण्याच्या सिमेंटच्या टाकीचा कॉलम चालतो. कठड्याची रेलिंग, प्लास्टिकच्या टाकीचं स्टँड, डिश अँटेनाचा पाइप चालत नाही. खाली काय आहे: बाग असेल तर ठीक, पोर्च असेल तर त्यावरची काच सरळ दोराने येत नाही. वाहनतळ असेल तर गाड्या हलवायला लागतात, रस्त्याची बाजू असेल तर पदपथ बंद करायची परवानगी. गच्चीवर नळ आहे का आणि त्याला पाणी महापालिकेचं येतं की बोअरचं. बोअरच्या जड पाण्याने पुसलं तर काच वाळल्यावर पांढरे ठिपके उठतात आणि पुन्हा पुसावी लागते. कबुतरं कुठे बसतात. एसीची बाहेरची युनिटं कुठे लटकतात. आणि गच्चीची किल्ली कुणाकडे असते.

काच किती मळलीय हेही पाहायचं, नुसती धूळ की जुना डाग. शेजारी बांधकाम किंवा मेट्रोचं काम चाललं असेल तर सिमेंटचे शिंतोडे असतात, ते ब्लेडने एकेक काढावे लागतात. वर्षानुवर्षं पावसाचं पाणी स्लॅबवरून काचेवर ओघळलं असेल तर चुन्याचे पट्टे धरतात. पहिली सफाई आणि नंतरची नेहमीची सफाई ही दोन वेगळी कामं आहेत. निविदेत एकच दर मागितला असेल तर पहिल्या फेरीचा जादा खर्च चार फेऱ्यांत वाटून टाका. डाग लवकर निघावा म्हणून हायड्रोफ्लोरिक ॲसिडचं पाणी मारणारे आहेत. ते काचच खातं, आणि हातावर सांडलं तर कातडीतून हाडापर्यंत जातं. स्वस्त दराचं एक मूळ तिथेही असतं.

दिवस मोजा, फूट नंतर

आता त्या मुलाच्या इमारतीचा हिशेब. एकूण काच १,८०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १९,३७५ चौरस फूट, फक्त बाहेरची बाजू. पुढे नुसतं मीटर किंवा फूट म्हटलं तरी ते चौरसच समजा. ही एकसारखी नाही. खालची ४०० मीटर जमिनीवरून लांब पोलने होते. एक माणूस दिवसाला २०० मीटर करतो, दोन दिवस. मधली १,१०० सरळ भिंत, दोरीवरची. साधी धूळ असेल तर माझा माणूस दोर बांधणं-सोडणं धरून दिवसाला ११० करतो, दहा माणूस-दिवस. उरलेली ३०० पोर्चच्या वरची आणि कोपऱ्यातली अडचणीची, तिथे दिवसाला ६० झाली तरी पुष्कळ, म्हणजे पाच माणूस-दिवस. दोरीवर एकूण पंधरा. तीन जण घेतले तर पाच दिवस. पास काढणं, सामान चढवणं, एखादा पाऊस किंवा वारा यासाठी एक दिवस जादा. सहा दिवस.

हे तीन दोरीवरचे. शिवाय गच्चीवर दोरांवर नजर ठेवणारा एक मुकादम. तो नसेल तर काम सुरूच करू नये. खाली दोन मदतनीस: एक पोलवर आणि पाण्याला, एक दोरखंड लावून लोकांना बाजूला ठेवायला.

इमारत केंद्र सरकारची, म्हणून किमान वेतन केंद्राचं. १ ऑक्टोबर २०२४ पासून सफाई कामाला पुणे-मुंबईसारख्या ‘अ’ क्षेत्रात अकुशलला रोज ७८३, निमकुशलला ८६८, कुशलला ९५४ आणि अतिकुशलला १,०३५ रुपये होते. दर एप्रिल आणि ऑक्टोबरला यातला महागाई भत्ता बदलतो, तेव्हा निविदा भरताना त्या दिवशीचा दर घ्या. इथे मी हिशेब कळावा म्हणून हेच आकडे धरतोय. राज्य सरकारच्या किंवा महापालिकेच्या इमारतीला राज्याचं किमान वेतन लागतं. ते परिमंडळाप्रमाणे बदलतं आणि त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैला वाढतो. दोन वेगळी कोष्टकं आहेत, मिसळू नका.

किमान म्हणजे त्याच्या खाली नाही एवढंच. दोरीवरचा अनुभवी माणूस ९५४ मध्ये येत नाही, यावाही का? मी १,४०० धरतो. अठरा माणूस-दिवसांचे २५,२००. मुकादम १,५०० प्रमाणे सहा दिवस, ९,०००. दोन मदतनीस ७८३ प्रमाणे बारा दिवस, ९,३९६. नुसती मजुरी ४३,५९६ रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यावर मालकाचा पीएफ. १२ टक्के वर्गणी, अर्धा टक्का विमा, अर्धा टक्का प्रशासन शुल्क, मिळून १३. वेतनमर्यादा १५,००० धरली तर माणशी महिना १,९५०, म्हणजे २६ दिवसांत रोजचे ७५. छत्तीस माणूस-दिवसांचे २,७००. ईएसआय मालकाचा सव्वातीन टक्के, पण महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांनाच. मदतनीस ७८३ ने महिना २०,३५८ मिळवतात, म्हणजे बसतात: ३०५ रुपये. भत्ता वाढत जातो तसे तेही या सीमेला टेकतात, तेव्हा प्रत्येक निविदेला पुन्हा तपासा.

इथे जरा थांबा. दोरीवरचा माणूस महिना ३६,४०० च्या हिशेबाने ईएसआयच्या बाहेर जातो. म्हणजे साठ-सत्तर फुटांवर लोंबकळणारा जो माणूस, नेमक्या त्यालाच दवाखान्याचं आणि अपघाताचं सरकारी कवच नाही. त्याच्यासाठी कामगार भरपाईची विमा पॉलिसी वेगळी काढावी लागते आणि पॉलिसीत ‘उंचीवरील काम, दोरावरून’ असं स्पष्ट लिहून घ्यावं लागतं. साध्या ‘सफाई कामगार’ नावाच्या पॉलिसीवर दावा अडकू शकतो. निविदेत याची अट नसली तरी हा खर्च माझ्या दरात असतो. यावर मी कधीच तडजोड केलेली नाही.

मदतनिसांचा बोनस किमान ८.३३ टक्के, ७८३ रुपये. रजा, सणाच्या सुट्ट्या, ग्रॅच्युइटी यांसाठी मी मजुरीच्या आठ टक्के बाजूला टाकतो, ३,४८८. आता बेरीज ५०,८७२. मजुरी दोन तुकड्यांत तोडायची, मूळ वेतन थोडं आणि भत्ते भरपूर, म्हणजे पीएफ कमी लागतो, अशी जुनी युक्ती होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत भत्ते निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्या वाटेवर दर बांधू नका.

दोर

सामानात लोक लिक्विड आणि कापड धरतात. ते खरं तर किरकोळ आहे: लिक्विड, मायक्रोफायबर, ब्लेड, वायपरचं रबर मिळून २,०००. पैसा जातो दोरात.

माझा मुकादम सकाळी गच्चीवर बसतो, दोराचं वेटोळं मांडीवर घेतो आणि संपूर्ण दोर दोन बोटांतून इंच-इंच सरकवतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटांना लागतं. एखाद्या ठिकाणी दोर आतून मऊ, चपटा लागला, की वरचं आवरण कितीही नवं दिसो, तो तिथे कापतो. बांधून ठेवत नाही, कापतोच, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणी चुकून वापरणार नाही. मग कठड्याच्या धारेवर, जिथून दोर खाली वळतो तिथे, जाड रबराचं पॅड बांधतो. काँक्रीटची ती धार दिवसभरात दोर किती खाते हे पॅडवरच्या खाचा बघून कळतं. प्रत्येक माणसाला दोन दोर, एक कामाचा आणि एक सुरक्षेचा, दोन्ही वेगवेगळ्या आधारांना. अंगात आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा पूर्ण हार्नेस. नुसता कमरेचा पट्टा नव्हे.

हे सगळं झिजतं, आणि झिजेचा दर मी दोरीवरच्या प्रत्येक माणूस-दिवसाला २५० धरतो. अठराचे ४,५००. विम्याचा त्या फेरीवरचा वाटा ३,०००. टेम्पो सहा दिवस ९०० प्रमाणे ५,४००. सामान मिळून १४,९००, आतापर्यंत एकूण ६५,७७२.

यावर कार्यालयाचा खर्च आठ टक्के, ५,२६२. खासगी कामाला मी कमी धरतो. सरकारी कामाला प्रत्येक देयकासोबत पीएफ-ईएसआयची चलनं, बँकेतून मजुरी दिल्याचा पुरावा, हजेरीपट, फोटो लागतात, आणि ते लागण्याला कारण आहे. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालक म्हणून ती द्यायची जबाबदारी कायद्याने त्या कार्यालयावर येते. कागद मागणाऱ्या बाबूवर चिडू नका. ते कागद करायला एक माणूस लागतो, त्याचा पगार दरात धरा. बेरीज ७१,०३४.

पैसे कधी येतात

फेरी संपली, देयक लावलं. मग मोजमाप, शाखेची शिफारस, लेखा विभाग, शेरा, पूर्तता, अनुदान आलं का, आणि मार्चअखेर. मी चार महिने धरूनच चालतो. पण मजुरी तुम्हाला महिन्याच्या महिन्याला द्यायची असते. आणि जीएसटी? तो तर बीजक काढलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा, सरकारने पैसे दिलेले असोत वा नसोत. नव्या माणसाला हाच धक्का सर्वांत मोठा बसतो. खर्चाचे ७१,०३४ आणि जीएसटीचे साधारण १५,०००, असे ८६,००० रुपये चार महिने अडकतात. वर्षाला १२ टक्क्यांनी त्याचं व्याज ३,४४०. ओव्हरड्राफ्ट असो, सोनं गहाण असो की घरचे पैसे असोत, हे व्याज खरं आहे आणि ते दरात हवं. एकूण ७४,४७४.

नफा १२ टक्के, ८,९३७. एका फेरीची किंमत ८३,४११ रुपये. मीटरला ४६ रुपये ३४ पैसे, फुटाला सुमारे ४ रुपये ३० पैसे. वर वेगळा १८ टक्के जीएसटी.

नफ्याकडे पुन्हा एकदा बघा. एका दिवसाची मजुरी आणि तिच्यावरची देणी ८,४७९, टेम्पो ९००, मिळून ९,३७९. म्हणजे एक दिवस वाया गेला तर त्या फेरीचा पूर्ण नफा संपून वर खिशातून जातात. राज्य सरकारच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. अनेक ठिकाणी सांगतात, साहेब बसलेले असताना खिडकीबाहेर माणूस नको, शनिवार-रविवारीच या. मग सहा दिवसांचं काम तीन आठवड्यांत तुटतं, दोर तीनदा बांधायचे, तीनदा सोडायचे, आणि सहाचे सात-आठ दिवस होतात. कामाच्या वेळेची अट निविदेत शोधा. नसेल तर निविदापूर्व बैठकीत विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

हातात प्रत्यक्ष किती येतं? देयक ८३,४११ अधिक जीएसटी १५,०१४, म्हणजे ९८,४२५. करार अडीच लाखांच्या वरचा असल्याने जीएसटीचा टीडीएस दोन टक्के कापतात, १,६६८. आयकराचा टीडीएस फर्म असेल तर दोन टक्के, आणखी १,६६८. एकट्याच्या नावावरचा धंदा असेल तर एकच टक्का. खात्यात ९५,०८९. कापलेलं बुडत नाही, पुढे जमा धरता येतं, पण तोवर ते तुमचं खेळतं भांडवल नसतं. शिवाय सुरक्षा अनामत करारमूल्याच्या साधारण ३ ते ५ टक्के, वर्षभर आणि नंतरही काही दिवस बँकेत अडकलेली. बांधकाम विभागाच्या निविदांत अंदाजपत्रकापेक्षा फार ‘बिलो’ गेलात तर जादा अनामत मागतात, तेही ध्यानात असू द्या.

उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्राकडची छोट्या उद्योगांची नोंदणी, मात्र आजच करा. केंद्राच्या निविदांत सूक्ष्म-लघु उद्योगांना निविदेसोबत भरायच्या बयाणा रकमेतून सूट आहे. आणि २००६ च्या एमएसएमई कायद्याने काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढीने व्याज मागता येतं. पुढचं काम हवं म्हणून लोक हे मागत नाहीत, मीही फार क्वचित मागितलंय. पण ४६ व्या दिवशी सभ्य भाषेत या कलमाचा उल्लेख करून पत्र द्यायला काहीच हरकत नाही. फाइल हलते.

जीएसटीबद्दल एक सावधगिरी. बारावीपर्यंतच्या शाळेत केलेल्या सफाई सेवेला सूट आहे. सरकारला किंवा स्थानिक संस्थेला दिलेल्या, माल नसलेल्या काही सेवांनाही आहे, पण त्या घटनेने ग्रामपंचायत-महापालिकेला सोपवलेल्या कामांशी संबंधित असाव्या लागतात. पालिकेच्या स्वतःच्या कार्यालयाची काच त्यात बसते का, यावर वाद होऊ शकतो. कारकुनाने ‘तुम्हाला जीएसटी नाही’ असं तोंडी सांगितलं म्हणून शून्य भरू नका. सीएला विचारा आणि दर करासह मागितलाय की कराशिवाय हे तपासा. सूट खरोखर असेल तर खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, तेवढा खर्च दरात चढवावा लागतो.

दोन वर्षांचा करार असेल तर किमान वेतन मधल्या काळात चार वेळा बदलेल. फरक मिळणार की दर पक्का, हा प्रश्नही निविदापूर्व बैठकीतलाच. ‘दर पक्का’ म्हणाले तर वाढ आजच धरून भरा.

मग सव्वादोन कसं परवडतं?

१९,३७५ फूट गुणिले सव्वादोन. येतात ४३,५९४ रुपये. वरची नुसती मजुरी होती ४३,५९६. त्या ठेकेदाराच्या पूर्ण दरात माझ्या माणसांचा फक्त रोज बसतो, तोही दोन रुपये कमी पडून. पीएफ नाही, विमा नाही, दोर नाही, टेम्पो नाही, व्याज नाही, नफा नाही.

तरीही तो धंदा करतो, म्हणजे पैसा कुठून तरी काढतो. मी पाहिलेले मार्ग सांगतो. सहा जणांऐवजी चार जण. गच्चीवर मुकादम नाही. बँकेत पूर्ण मजुरी टाकायची आणि संध्याकाळी त्यातली काही रोख परत घ्यायची. चारऐवजी तीन फेऱ्या करून चौथीचे जुनेच फोटो लावायचे. आणि सर्वांत सोपा मार्ग: दुसरा दोर लावायचाच नाही. एका दोरावर काम दीडपट वेगाने होतं, कारण बांधायला आणि हलवायला एकच असतो. खालून बघणाऱ्याला फरकही कळत नाही.

हे वाचणाऱ्यांत कुणी निविदा काढणारे अधिकारी असतील तर त्यांना हात जोडून विनंती आहे. कमी दराला बांधलेले असलात तरी अटी तुमच्या हातात आहेत. प्रत्येक माणसामागे दोन स्वतंत्र दोर, गच्चीवर पूर्णवेळ मुकादम, उंचीच्या कामाचा विमा, दोरावरच्या कामाचं प्रशिक्षण, फोटोवर तारीख आणि वेळ, हे तांत्रिक लिफाफ्यातच मागा. दर असाधारण कमी वाटला तर ठेकेदाराकडून दराचं लेखी पृथक्करण मागायची सोय खरेदीच्या नियमपुस्तकात आहे. ते मागा आणि त्यात किमान वेतन बसतं का ते गुणून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि आपल्यासाठी: प्रत्येक निविदा जिंकायची नसते. हिशेबाने आलेला दर भरायचा, गेलं तर जाऊ द्यायचं. शाळा, रुग्णालयं, विद्यापीठं, बँकांची विभागीय कार्यालयं, कामं पुष्कळ आहेत, आणि जिथे अटी नीट लिहिलेल्या असतात तिथे सव्वादोनवाला तांत्रिक लिफाफ्यातच बाहेर पडतो.

त्या मुलाने पुढच्या महिन्यात एका रुग्णालयाची निविदा भरायच्या आधी हिशेबाचा कागद मला पाठवला. दोर बदलण्याची ओळ स्वतंत्र होती, विम्याची होती, चार महिन्यांच्या व्याजाचीही होती. मी एकच आकडा बदलायला सांगितला, कामाचे दिवस सहाच्या जागी सात. जागेची पाहणी करताना त्यानेच वहीत टिपून ठेवलं होतं: गच्चीची किल्ली ज्या शिपायाकडे असते, तो अकरा वाजता येतो.